रांग कुठे आहे? ब्रिटनमधल्या महाराष्ट्र मंडळांना खुलं पत्र

प्रति,
ब्रिटनमधल्या सर्व महाराष्ट्र मंडळांचे पदाधिकारी आणि सभासद,

सप्रेम नमस्कार.

गेल्या दिवाळीत आपल्या कार्यक्रमाला मी फराळाच्या रांगेत उभी होते. समुद्र ओलांडून इथे आश्रय मागायला येणाऱ्या माणसांविषयी माझ्या मागे दोघांचं बोलणं चाललं होतं. "आपण सगळे कागद देऊन, पैसे भरून, रांगेत उभे राहून आलो. आणि ही माणसं होडीत बसून येतात आणि थेट हॉटेलात राहतात." बोलणारे दोघंही मनाने चांगले आहेत. कोविडच्या दिवसांत एकट्या अडकलेल्या विद्यार्थ्यांना त्यांनीच डबे पोचवले होते. म्हणून तर ते बोलणं लागलं. परक्या माणसाने म्हटलं असतं तर सोडून दिलं असतं. हातात चकलीची ताटली धरून मी तशीच उभी राहिले, तोंडातून शब्द फुटला नाही. तेव्हा जे बोलता आलं नाही ते आज लिहिते आहे. आणि तुमच्याकडे एक मागणंही आहे.

मागणं एका सिनेमाविषयी आहे. त्याचं नाव 'लिंबो'. दिग्दर्शक बेन शॅरॉक. सिनेमा २०२० सालचा. त्या वर्षी कोविडमुळे फ्रान्समधला कानचा चित्रपट महोत्सव भरलाच नाही, पण त्यांच्या अधिकृत निवडीत हा सिनेमा होता, आणि पुढे बाफ्टा या ब्रिटिश चित्रपट पुरस्कारांची दोन नामांकनंही त्याला मिळाली. स्कॉटलंडच्या पश्चिमेला, आउटर हेब्रिडीजमधल्या उइस्ट बेटांवर तो चित्रित झाला आहे. गोष्टीतलं बेट मात्र काल्पनिक आहे. तिथे एका घरात चार तरुण राहतात, चौघंही असायलमच्या, म्हणजे निर्वासित म्हणून आश्रय मिळण्याच्या, निर्णयाची वाट बघत. ओमर सीरियाचा. तो संगीतकार आहे, आजोबांचा ऊद, म्हणजे अरबी तंतुवाद्य, पेटीत घालून त्याने इतक्या लांब आणला आहे, पण हाताला प्लॅस्टर असल्यामुळे वाजवू शकत नाही. फरहाद अफगाणिस्तानचा. वासेफ आणि अबेदी आफ्रिकेतून आलेले, एकमेकांना भाऊ म्हणवणारे. काम करायची कुणालाच परवानगी नाही. बेट सोडून जायला पैसे नाहीत. रोज पोस्टाची गाडी येते की नाही ते बघायचं, एवढाच दिवस.

'लिंबो'ला मराठीत शब्द शोधायला लांब जावं लागत नाही. आपल्याकडे त्रिशंकू आहे. वरून ढकललेला, खाली येऊ न दिलेला, मधेच उलटा लटकलेला.

आणि हा सिनेमा विनोदी आहे. मी तो पहिल्यांदा बघितला तेव्हा पहिल्याच प्रसंगाला मोठ्याने हसले. बेटावरचे दोन शिक्षक या लोकांना 'इथल्या समाजात कसं वागावं' हे शिकवत असतात. बाई टेपवर गाणं लावतात आणि सर त्यांच्यासोबत नाचायला लागतात. नाचता नाचता सरांचा हात नको तिथे जातो आणि बाई फाडकन त्यांच्या थोबाडीत मारतात. मग वर्गाकडे वळून विचारतात, यात काय चुकलं? समोर बाकांवर बसलेली माणसं मख्ख बघत राहतात. दुसऱ्या एका तासाला इंग्रजीतला भूतकाळ शिकवतात. 'पूर्वी मी अमुक करायचो' अशा धर्तीची वाक्यं बनवायची. एक जण उठून सांगतो, पूर्वी माझं एक सुंदर घर होतं, मग बाँब पडून ते गेलं. दुसरा सांगतो, पूर्वी मी रोज रात्री रडत झोपायचो, आता डोळ्यांत पाणीच उरलेलं नाही. व्याकरण अगदी बरोबर असतं.

या प्रसंगाला हसू येतं ते घशातच अडकतं. ते का, यावर मी बराच विचार केला. बातम्यांमध्ये ही माणसं एक तर आकडा असतात, नाहीतर केशरी लाइफजॅकेट. फार तर आपल्याला त्यांची कीव येते. आणि कीव करताना आपण नकळत एक पायरी वर उभे असतो. या सिनेमात ते चौघं सोफ्यावर बसून जुन्या अमेरिकन मालिकेच्या डीव्हीडी बघतात. त्यातल्या नायकाची चूक होती की नव्हती यावर दोघं इतक्या तावातावाने भांडतात, की हे भांडण आपल्या घरातलंच वाटतं. मी सदाशिव पेठेत वाढले, अशी भांडणं करतच मोठी झाले. ज्याच्यासोबत आपण हसतो तो आपल्या पंक्तीत येऊन बसलेला असतो. शॅरॉक यांनी हे जाणून केलं आहे. सीरियात युद्ध पेटण्याआधी, २००९ साली, ते विद्यार्थी म्हणून दमास्कसला राहिले होते. ज्या शहरात मित्र होते, जिथे चहा प्यायला होता, तिथली माणसं नंतर टीव्हीवर 'लोंढा' म्हणून दिसायला लागली. त्या शब्दातून एकेक माणूस वेगळा काढून दाखवावा म्हणून त्यांनी हा सिनेमा केला असावा, असं मला वाटतं.

माळरानावर एकच टेलिफोनची टपरी आहे. सोसाट्याचा वारा सुटलेला असतो. ओमर तिथून इस्तंबूलला आईवडिलांना फोन लावतो. आई जेवणाचं विचारते. थोरला भाऊ लढायला सीरियातच राहिला आहे, त्याच्याविषयी कुणी नीट बोलत नाही. हे बघताना तुमच्यातल्या प्रत्येकाला पहिल्या वर्षीची ती फोनकार्डं आठवतील. खर्च परवडत नसताना "हो, सगळं छान आहे" म्हणणं आठवेल. बेटावर दुकान चालवणारा माणूस आपल्याच भागातून आलेल्या कुटुंबातला आहे. ओमर त्याच्याकडे सुमाक मागतो, आईच्या हातच्या पदार्थात पडतो तो मसाला. मी इथे आले त्या वर्षी कोकमासाठी चार दुकानं पालथी घातली होती. त्या प्रसंगात मला दोन्ही जागी मीच दिसले, गल्ल्याच्या अलीकडेही आणि पलीकडेही.

फरहादविषयी तुम्हाला आवर्जून सांगायचं आहे, कारण तिथे आपल्या मुलखाचा धागा आहे. फरहाद 'क्वीन' या ब्रिटिश बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी याचा भक्त आहे. मिशी तशीच ठेवतो, आणि एक कोंबडी पाळतो तिलाही फ्रेडीचंच नाव देतो. फ्रेडीचं मूळ नाव फारोख बुलसारा. जन्म झांझिबारमधल्या पारशी कुटुंबातला, शिक्षण पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत. त्याला 'फ्रेडी' म्हणायला लागले ते तिथले वर्गमित्र, आणि त्याचा पहिला बँडही त्या शाळेतच तयार झाला. पुढे १९६४ साली झांझिबारमध्ये क्रांती झाली, जीव धोक्यात आला, आणि बुलसारा कुटुंब होतं ते सोडून इंग्लंडला, फेल्टमला येऊन राहिलं. त्यांच्याकडे ब्रिटिश पासपोर्ट होता म्हणून त्यांना त्रिशंकू व्हावं लागलं नाही, हाच काय तो फरक. एका अफगाण तरुणाने हेब्रिडीजमध्ये पाळलेल्या कोंबडीचं नाव पाचगणीच्या शाळेतून आलेलं आहे. हे लक्षात आलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला.

आता रांगेविषयी.

आपण ज्या रांगेत उभे होतो ती खरी होती आणि आपल्याला ती महाग पडली, हे मी नाकारत नाही. व्हिसासोबत सरकारी आरोग्यसेवेसाठी भरावा लागणारा आरोग्य अधिभारच फेब्रुवारी २०२४ पासून बहुतेक प्रौढांना माणशी वर्षाला १,०३५ पौंड झाला आहे. चौघांच्या कुटुंबाने व्हिसा वाढवायचा म्हणजे गावाकडे एक खोली बांधून होईल एवढी रक्कम एका रात्रीत कार्डावरून जाते. हा राग न्याय्य आहे. पण तो ज्यांच्यावर काढला जातो त्यांचा या पैशांशी काही संबंध नाही.

असायलमसाठी रांगच नाही. असायलमचा व्हिसा अशी गोष्ट या देशाच्या कायद्यात नाही. दमास्कसमध्ये, काबूलमध्ये किंवा खार्टूममध्ये बसून तो अर्ज करता येत नाही. आधी ब्रिटनच्या भूमीवर पाय ठेवावा लागतो, आणि पाय ठेवण्यासाठी जो व्हिसा लागतो तो अशा माणसाला कुणी देत नाही. काही मोजक्या लोकांसाठी सरकारने योजना काढल्या. युक्रेनच्या लोकांसाठी काढली. सीरियन कुटुंबांसाठी काढली, तेव्हा २०१५ च्या डिसेंबरात काही कुटुंबं आमच्या इथल्या, स्कॉटलंडमधल्या ब्यूट बेटावर राहायला आली. ज्यांच्यासाठी योजना नाही त्यांच्यासमोर लॉरीचा टप किंवा रबराची होडी उरते. १९५१ च्या निर्वासित करारात, ज्यावर ब्रिटनची सही आहे, हे आधीच धरलेलं आहे. जिवाच्या भीतीने थेट पळून आलेल्या आणि आल्याबरोबर स्वतःहून हजर झालेल्या माणसाला कागदाशिवाय आला म्हणून शिक्षा करू नये, असं त्याचं ३१ वं कलम सांगतं.

आणि 'थेट हॉटेलात' म्हणजे काय ते मी जवळून बघते. शनिवारी सकाळी एका सभागृहात मी इंग्रजी संभाषणाच्या टेबलावर बसते. तिथे येणाऱ्यांपैकी जे स्वतः रांधून खातात त्यांना आठवड्याला ४९.१८ पौंड मिळत होते, म्हणजे दिवसाला सात. ज्यांना हॉटेलात जेवण मिळतं त्यांच्या हातावर आठवड्याला दहा पौंडही पडत नाहीत. काम करायला बंदी. वर्ष उलटूनही निर्णय लागला नाही तर कामाची परवानगी मागता येते, पण तीही सरकारने आखून दिलेल्या यादीतल्या कामांपुरती. २०२३ च्या जूनमध्ये पहिल्या निर्णयाची वाट बघणाऱ्या माणसांची संख्या पावणेदोन लाखांवर गेली होती.

आमच्या टेबलावर एक शिक्षक येतात. त्यांच्या देशात त्यांनी वीस वर्षं गणित शिकवलं. दर शनिवारी त्यांचा शर्ट इस्त्री केलेला असतो. एकदा सभागृहात कुणीतरी जास्तीची रोपं वाटली. मी त्यांना पुदिन्याची कुंडी दिली तर त्यांनी ती हळूच परत ठेवली. म्हणाले, उद्या मला दुसऱ्या गावी हलवलं तर हिला कुठे नेऊ? दोन वर्षं हा माणूस कुंडीसुद्धा घेत नाही. सिनेमात ओमर ऊदची पेटी उचलून बेटभर हिंडतो आणि ती उघडत मात्र नाही, ते बघताना मला ती कुंडी दिसत होती.

माझे कागद एकदा नूतनीकरणासाठी गेले असताना माझी आजी गेली. तेरा दिवस मी इथूनच फोनवर सगळं ऐकत होते. ताटकळणं काय असतं ते मला तेव्हा कळलं असं मी समजत होते. पण तेव्हा मला नोकरी होती, घरात हीटर चालू होता, आणि कागद परत येणार याची खात्री होती. या माणसांकडे यातलं एकही नाही.

बशर अल असद यांची सत्ता २०२४ च्या डिसेंबरात कोसळली. त्याबरोबर ब्रिटनने सीरियन लोकांच्या असायलमच्या अर्जांवरचे निर्णय थांबवले. ते पुन्हा सुरू झाले २०२५ च्या जुलैत. मधले सात महिने खऱ्याखुऱ्या ओमरांना होय नाही आणि नाहीही नाही. सिनेमाचं नाव शब्दशः खरं ठरलं.

आपल्यातल्या काही जणांना हे सगळं 'त्यांचं' वाटतं. म्हणून १९७२ ची आठवण करून देते. त्या ऑगस्टमध्ये इदी अमीनने युगांडातल्या आशियाई लोकांना नव्वद दिवसांत देश सोडायला सांगितलं. सुमारे अठ्ठावीस हजार माणसं ब्रिटनला आली. त्यांत गुजराती पुष्कळ होते, आणि कंपालात, एंटेबीत सरकारी नोकऱ्या केलेली गोव्याची कुटुंबंही होती. त्यांना रिकाम्या पडलेल्या लष्करी छावण्यांत ठेवलं. त्यातली एक होती वेल्सच्या किनाऱ्यावर, टोनफानाऊला. बंद झालेला तळ, समोर समुद्र, बोचरा वारा आणि विषुववृत्ताजवळून आलेली, सुती कपड्यांतली माणसं. तिथले जुने फोटो बघा आणि मग 'लिंबो' बघा, माझं म्हणणं वेगळं सांगावं लागणार नाही. लेस्टरच्या नगरपालिकेने तेव्हा युगांडातल्या वृत्तपत्रात जाहिरात दिली होती : तुमच्या आणि तुमच्या कुटुंबाच्या भल्यासाठी लेस्टरला येऊ नका, अशा अर्थाची. आज आपल्यातली किती मंडळी लेस्टरला राहतात, तिथल्या दुकानांतून मेथी आणि मोदकाचं पीठ आणतात! आणि त्याच छावण्यांमध्ये गावातल्या बायका गरम कोट आणि चहा घेऊन उभ्या होत्या, हेही तितकंच खरं आहे. त्या बायकांची नावं कुणी लिहून ठेवली नाहीत. त्यांची आठवण मात्र त्या कुटुंबांमध्ये अजून निघते.

एक गोष्ट लिहू की नको असं वाटत होतं, पण लिहिते. सुएला ब्रॅव्हरमन गृहमंत्री झाल्या तेव्हा आपल्या ग्रुपवर अभिनंदनाचे संदेश फिरले, कारण त्यांचे वडील केनियातून आलेले, मूळ गोव्याच्या कुटुंबातले. मीही आनंदाने एक संदेश पुढे पाठवला होता. ३१ ऑक्टोबर २०२२ ला त्याच ब्रॅव्हरमन संसदेत उभ्या राहून होडीतून येणाऱ्या माणसांना 'आक्रमण' म्हणाल्या. त्या संध्याकाळी मी माझा संदेश शोधून काढला आणि पुसला. आपलं माणूस मोठ्या पदावर गेल्याचा आनंद मला पुन्हा हवा आहे, पण असा नको.

२०२४ च्या ऑगस्टमधला, स्थलांतरितांविरुद्धच्या दंगलींचा तो आठवडा तर तुम्ही विसरला नसाल. रॉदरहॅमजवळ असायलमवाले राहत होते त्या हॉटेलवर जमाव चालून गेला, आत माणसं असताना आग लावायचा प्रयत्न झाला. त्या दिवसांत आपल्या सगळ्या ग्रुपवर 'संध्याकाळी बाहेर पडू नका, मुलांना पार्कात पाठवू नका' हेच चाललं होतं. आपण घाबरलो, कारण आतून आपल्याला माहीत होतं की विटा फेकणारा माणूस आधी व्हिसाचा प्रकार विचारत नाही.

आणि १३ मे २०२१ ग्लासगोत कुणीच विसरणार नाही. ईदचा दिवस होता. पोलकशील्ड्समधल्या केनम्युअर स्ट्रीटवर सकाळी इमिग्रेशनची गाडी आली आणि दोन माणसांना घेऊन निघाली. दोघंही भारतीय. एक जण गाडीखाली जाऊन झोपला. मग शेजारी उतरले, मग शेजाऱ्यांचे शेजारी. शेकडो माणसं रस्त्यावर बसली आणि घोषणा देत राहिली, हे आमचे शेजारी आहेत, त्यांना सोडा. आठ तासांनी दोघांना सोडलं. मी दुपारी तिथे पोचले. रस्त्यावर बसलेल्यांत मराठी माणसं शोधत होते. ओळखीचं कुणी दिसलं नाही. कदाचित सगळे कामावर असतील. पण आपल्या देशातल्या दोन माणसांसाठी स्कॉटिश आजीबाई डांबरावर मांडी घालून बसल्या होत्या, आणि त्यांच्या शेजारी बसताना मला आपली फार उणीव वाटली.

आता मागणं.

लंडनचं मंडळ १९३२ पासून आहे. बाकी शहरांतली मंडळंही गणपती, दिवाळी, संक्रांत नेटाने करतात. आपल्याकडे सभागृहं मिळवायचा अनुभव आहे, खुर्च्या मांडणारे हात आहेत, दोनशे माणसांचा स्वयंपाक करणाऱ्या बायका आणि पुरुष आहेत. येत्या वर्षात प्रत्येक मंडळाने एक संध्याकाळ 'लिंबो'साठी काढावी. रीतसर परवानगी घेऊन, मोठ्या पडद्यावर. मोठा पडदा यासाठी की सिनेमाची चौकट जुन्या टीव्हीसारखी आखूड आहे. माणसं तिच्यात अडकल्यासारखी दिसतात, आणि एका क्षणी ऊद वाजायला लागतो तेव्हा ती चौकट दोन्ही बाजूंनी रुंदावत जाते. लॅपटॉपवर ते कळत नाही. पहिल्यांदा बघताना मी श्वास रोखून धरला होता.

आणि त्या संध्याकाळी आपल्या गावात असायलमची वाट बघणारी जी माणसं आहेत त्यांना बोलवावं. त्यांच्याकडून त्यांची कहाणी ऐकायला नको. ती त्यांनी अधिकाऱ्यांसमोर पुष्कळदा सांगितलेली असते, आणि दर वेळी कुणीतरी ती खोटी आहे का हे तपासत असतं. आपण फक्त सोबत सिनेमा बघू आणि जेवू. बसचं भाडं मंडळाने द्यावं, कारण दिवसाला सात पौंडांत येणं-जाणं बसत नाही. जेवणात मांस नको, म्हणजे हलालचा प्रश्न येणार नाही. मसालेभात, मठ्ठा, जिलबी पुरे. जमलं तर त्यांच्यातल्या कुणाला स्वयंपाकघरात येऊ द्या. हॉटेलात राहणाऱ्या बायकांना सगळ्यात जास्त काय आठवतं असं मी एकदा विचारलं होतं. गॅसची शेगडी, असं उत्तर आलं होतं.

ग्लासगोच्या खेळाची जबाबदारी मी घेते. सभागृहाची चौकशी केली आहे. पडदा, प्रोजेक्टर, चहा माझ्याकडे. फराळाच्या रांगेत माझ्या मागे उभे असलेल्या दोघांना मी स्वतः फोन करून बोलावणार आहे, आणि त्यांच्यासाठी पुढच्या ओळीतल्या खुर्च्या राखून ठेवणार आहे, आमच्या गणिताच्या सरांच्या शेजारी. सरांना मी कालच विचारलं. ते म्हणाले, मला हलवलं नाही तर नक्की येईन.

आपली,
ग्लासगोची एक सभासद